लैंगिक सवयींवर ताबा राहत नाही, गटाच्या आधाराने सुरुवात कशी करू?

रोज ठरवता, रोज मोडतं आणि कुणाला सांगायची लाज वाटते, असं तुम्ही लिहिलंय. ही सवय लपवाछपवीवरच पोसली जाते, म्हणून एकट्याने लढणं इतकं जड जातं. आधी एका माणसाला खरं सांगा.

सेक्स अ‍ॅडिक्ट्स अ‍ॅनॉनिमस हा अशाच सवयींशी झगडणाऱ्यांचा, एकमेकांना आधार देणारा गट १९७७ पासून चालतो. बैठका ऑनलाइनही होतात, फी नसते, खरं नाव सांगायची सक्ती नाही. पहिल्यांदा नुसतं ऐकलंत तरी चालेल. पुढे एखाद्या जुन्या सदस्याला ‘स्पॉन्सर’, म्हणजे वाटेत सोबत करणारा मार्गदर्शक, व्हाल का, असं विचारा. माझ्या मते सगळ्यात मोठा आधार तोच. रात्री एकटे असताना हात मोबाइलकडे वळला की त्याच क्षणी त्याला “आत्ता फार इच्छा होतेय” एवढाच मेसेज टाका आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवून या. घसरलात, तर तेही त्याच दिवशी सांगा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत लैंगिक वर्तनावर असा ताबा न राहणं हा आवेग-नियंत्रणाचा (तीव्र इच्छा आवरता न येण्याचा) विकार म्हणून नोंदलेला आहे, पण केवळ अपराधी वाटणं म्हणजे विकार नव्हे, हेही तिथे स्पष्ट केलंय. मानसोपचारतज्ज्ञाला जरूर भेटा. जीव द्यावासा वाटत असेल, तर बैठकीची वाट न बघता आजच डॉक्टर गाठा.