विमान येईपर्यंत रुग्ण तुमच्याच हाती

प्रश्न : मी कळव्याच्या राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. झाले असून सध्या घोडबंदर रस्त्यावरील एका खाजगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात निवासी वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करते. पॅसिफिक महासागरातील किरिबाटी या देशात दोन वर्षांच्या करारावर डॉक्टर हवे असल्याचे एका वरिष्ठांकडून कळले. मला जावेसे वाटते. मात्र इतक्या लहान बेटावर नवे शिकायला काय मिळणार, असे आईचे म्हणणे आहे. तिथले काम नेमके कसे असते, मी त्यासाठी तयार आहे का आणि इथल्या नोंदणीचे काय करावे लागेल?
— एक वाचक, कासारवडवली, ठाणे

उत्तर : तुम्ही जरूर जावे, पण या वर्षी नको, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या भागात मी काही वर्षे काम केलेले असल्यामुळे हे मत नुसत्या ऐकीव माहितीवर बेतलेले नाही, एवढे सुरुवातीलाच सांगतो.

किरिबाटी हा 33 बेटांचा देश आहे. सगळ्या बेटांची मिळून जमीन साधारण 811 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बृहन्मुंबईच्या दुपटीहूनही कमी. पण ती बेटे सुमारे 35 लाख चौरस किलोमीटर समुद्रात विखुरलेली आहेत. लोकसंख्या जेमतेम सव्वा लाखाच्या आसपास आणि त्यातली निम्म्याहून अधिक माणसे एकट्या दक्षिण तारावा या राजधानीच्या भागात दाटीवाटीने राहतात. देशाचे मुख्य रुग्णालय तिथेच आहे. त्यात शस्त्रक्रिया, प्रसूती, बालरोग असे विभाग आहेत, परंतु प्रत्येक विभागाचा भार मोजक्याच डॉक्टरांवर असतो. दूरच्या बेटांवर बहुधा डॉक्टर नसतोच. तिथले आरोग्य केंद्र जादा प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका सांभाळतात आणि अडचण आली की तारावाला संपर्क साधतात.

ठाण्यात तुमच्याकडे छातीत दुखणारा रुग्ण आला, तर हृदयरोगतज्ज्ञ एका फोनवर मिळतो, सीटी स्कॅन खालच्याच मजल्यावर असतो, आणि खाट नसली तर रुग्णवाहिका मुलुंडला किंवा परळला जाते. तारावापासून सुव्हा, म्हणजे फिजीची राजधानी आणि तिथले मोठे रुग्णालय, दोन हजार किलोमीटरांहून लांब आहे, आणि विमान रोज नसते. त्यामुळे कोणाला इथेच ठेवायचे, कोणाला बाहेर पाठवायचे आणि कधी पाठवायचे, हा निर्णय तिथल्या डॉक्टरचे सर्वांत अवघड काम होऊन बसतो. देशाबाहेर उपचारांसाठी पाठवायचे रुग्ण साधारणतः एक समिती ठरवते, त्यासाठीचा पैसा मर्यादित असतो, आणि ज्याचा आजार उपचारांनी बरा होण्याची खरी आशा आहे त्याला प्राधान्य मिळते. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला आपण इथे सहज डायलिसिसला लावतो. काही लहान देशांत ती सोयच नसते, आणि मग त्याच्या कुटुंबासमोर बसून पुढे काय होणार आहे हे समजावून सांगणे एवढेच डॉक्टरच्या हाती उरते. ते नीट, घाई न करता, रुग्णाला एकटे न पाडता करणे हेही वैद्यकीय कौशल्य आहे, आणि दुर्दैवाने आपल्या अभ्यासक्रमात त्याला फार थोडी जागा आहे.

दूरच्या बेटावरून मध्यरात्री संपर्क होतो : बाळंतपण झाले आहे, वार पडलेली नाही, रक्तस्राव थांबत नाही. तिथल्या धावपट्टीवर दिवे नसतात, म्हणजे उजाडेपर्यंत विमान उतरू शकत नाही. अशा वेळी पलीकडच्या परिचारिकेला शांतपणे एकेक पायरी सांगत राहावे लागते : ऑक्सिटोसिन किती, सलाईन किती वेगाने, गर्भाशय बाहेरून कसे चोळायचे आणि हात घालून वार काढण्याची वेळ कधी आली असे समजायचे. ते सांगण्यासाठी तुम्ही ते स्वतःच्या हातांनी केलेले असले पाहिजे. म्हणूनच मी थांबायला सांगतो आहे. अतिदक्षता विभागात तुम्ही व्हेंटिलेटर, रक्तदाब वाढवणारी औषधे, जंतुसंसर्गाची गुंतागुंत हे सारे शिकला असाल आणि त्याचा उपयोग होईलच. पण सिझेरियनला सहायक म्हणून उभे राहणे, स्पायनल भूल देणे, केटामाईन हे भुलीचे औषध सुरक्षितपणे वापरणे, छातीत नळी घालणे, मोडलेले हाड बसवणे, नवजात बाळाचा श्वास सुरू करणे आणि स्वतः सोनोग्राफी करणे यांतले किती तुम्ही कोणाच्या मदतीशिवाय कराल, याचा विचार करावा.

ही तयारी करायला फार लांब जाण्याची गरज नाही. शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयात वर्षभर काम मिळाले, तर सर्पदंश, अडलेली बाळंतपणे, कुपोषित मुले आणि "ठाण्याला पाठवू की इथेच सांभाळू" हा रोजचा प्रश्न, हे सगळे एका ठिकाणी शिकता येईल. माझ्या पाहण्यात बेटांवर चांगले टिकलेले भारतीय डॉक्टर बहुतेक अशाच लहान सरकारी रुग्णालयांतून आलेले होते.

आता आजारांविषयी. तिथे आपल्याला अनोळखी रोगांचे जंगल असेल, ही समजूत सोडून द्यावी. सर्वांत मोठे ओझे मधुमेहाचे आहे. शेजारच्या नाऊरूमध्ये 1970च्या दशकात झालेल्या पाहणीत प्रौढांपैकी जवळपास एक तृतीयांश लोकांना मधुमेह आढळला होता, तेव्हा सारे जग चकित झाले होते. फॉस्फेटच्या खाणींचा पैसा आला, मासे, नारळ आणि विलायती फणस यांच्या जागी आयात केलेला पांढरा तांदूळ, साखर आणि डबाबंद मांस आले, आणि दोन पिढ्यांत शरीरे बदलली. तुमच्या वॉर्डात निम्म्या खाटांवर सडलेल्या पायांचे रुग्ण दिसले तर आश्चर्य वाटून घेऊ नका. पायाची जखम वेळेवर साफ करणे आणि पाय कापायचा निर्णय उशिरा न घेणे, हे तिथे रोजचे काम आहे.

क्षयरोग भरपूर आहे. कुष्ठरोगाचे 10,000 लोकसंख्येमागे 1 पेक्षा कमी रुग्ण हे उद्दिष्ट भारताने देशपातळीवर डिसेंबर 2005मध्ये गाठले. किरिबाटी अजून तिथवर पोहोचलेला नाही. शहरात शिकलेल्या आपल्या तरुण डॉक्टरांनी कुष्ठरोगाचा बधिर चट्टा पुस्तकातच पाहिलेला असतो. जाण्यापूर्वी पनवेलजवळ नेरे येथील शांतिवन या कुष्ठरोग्यांसाठीच्या संस्थेत परवानगी घेऊन काही दिवस घालवा आणि जाड झालेली नस बोटांना ओळखायला शिकवा. संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेली मुलेही दिसतील. त्यांना दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन चुकू न देणे हे कोणत्याही शस्त्रक्रियेइतकेच मोलाचे आहे. खरोखर नवी वाटेल ती सिग्वाटेरा ही माशांतून होणारी विषबाधा. प्रवाळावरच्या सूक्ष्म शैवालातले विष लहान माशांतून मोठ्या माशांत साठत जाते आणि शिजवून नष्ट होत नाही. उलट्या-जुलाबांबरोबर रुग्ण ओठांना मुंग्या येतात म्हणतो आणि थंड पाणी हाताला चटका दिल्यासारखे लागते असे सांगतो. हे एकदा लक्षात राहिले की निदान चुकत नाही.

नोंदणीविषयी थोडक्यात : तुमची बंधपत्रित सेवा, म्हणजे पदवीनंतरची सक्तीची सरकारी सेवा, पूर्ण झाली आहे असे गृहीत धरतो, नसेल तर आधी ती करा आणि शक्य तर ग्रामीण भागातच करा. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी क्रेडिट गुण लागतात, त्यामुळे मुदत करारकाळात संपत असेल तर निघण्याआधीच व्यवस्था करावी. परदेशी परिषद सद्वर्तनाचे प्रमाणपत्र मागते. त्याला वेळ लागतो, म्हणून तो अर्ज सर्वांत आधी करावा. तिथला अनुभव हा पदव्युत्तर शिक्षणाचा पर्याय नाही. ते करायचे मनात असेल, तर बेट आधी की परीक्षा आधी, हे आईशी बोलून ठरवा.

प्रश्न : मी बालरोगतज्ज्ञ असून सामोआसारख्या बेटावर काही महिने स्वयंसेवक म्हणून काम करण्याचा विचार आहे. बाहेरून आलेल्या डॉक्टरवर लोक विश्वास ठेवतात का?
— एक वाचक, वाशी

उत्तर : ठेवतात, आणि तो फार मोलाने जपावा लागतो. सामोआचेच उदाहरण घ्या. जुलै 2018मध्ये तिथे दोन तान्ही बाळे गोवर-गालगुंड-रुबेला लस दिल्यानंतर लगेच दगावली. लशीची भुकटी कालवताना पाण्याऐवजी स्नायू शिथिल करणारे, मुदत उलटलेले औषध वापरले गेले होते. लशीत काहीही दोष नव्हता. मात्र लसीकरण काही महिने थांबले, पालकांच्या मनात भीती बसली आणि 2019मध्ये गोवराची साथ आली. सुमारे दोन लाखांच्या देशात 83 जण मृत्युमुखी पडले आणि त्यांत बहुतेक पाच वर्षांखालची मुले होती. डिसेंबरमध्ये सरकारने दोन दिवस देश बंद ठेवला, लस न घेतलेल्या घरांनी दाराशी लाल कापड लावले आणि पथके घरोघर फिरली.

लहान समाजात एका खोलीत घडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत प्रत्येक घरात पोहोचते. म्हणून तुम्ही तिथे गेलात तर पहिले काही आठवडे फक्त स्थानिक परिचारिकांचे काम पाहा, औषधांच्या कपाटातील बाटल्या त्यांच्यासोबत बसून तपासा आणि मुंबईत आम्ही असे करतो हे वाक्य टाळा. फिजीत 1885पासून वैद्यकीय शिक्षण दिले जाते आणि त्या भागातील डॉक्टरांच्या अनेक पिढ्या तिथे घडल्या आहेत. त्यांना तिथल्या लोकांची नाडी आपल्याहून चांगली कळते. तुम्ही परतल्यावरही ज्यांना ते वॉर्ड चालवायचे आहेत, त्यांना शिकवून येणे हे तुमचे अर्धे काम समजावे.

प्रश्न : मी भूलतज्ज्ञ आहे. पत्नी आणि सात वर्षांच्या मुलीसह किरिबाटीला कामासाठी जाणे योग्य ठरेल का? आम्ही शाकाहारी आहोत.
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : भूलतज्ज्ञाला तिथे फार मागणी असते आणि म्हणूनच सुट्टी मिळणे कठीण जाते, कुटुंबाला तुमचा सहवास कमी मिळेल, हे आधीच सांगून ठेवा. प्रवाळबेटांवर भाजी फारशी पिकत नाही. कांदे-बटाटे जहाजाने येतात, पालेभाजी विमानाने आणि महाग. जहाज लांबले की दुकानात डाळ-तांदळावर भागवावे लागते. विहिरीचे पाणी दूषित असू शकते, म्हणून घराला पावसाच्या पाण्याची टाकी आहे का ते विचारा आणि पाणी उकळूनच प्या. तारावाची वेळ आपल्यापेक्षा साडेसहा तास पुढे आहे; नेरूळमध्ये रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा तिथे पहाटेचे साडेतीन झालेले असतात, त्यामुळे आजी-आजोबांशी बोलण्यासाठी इथली सकाळ ठरवून घ्यावी. मुलीच्या शाळेची चौकशी पत्राने न करता तिथे राहणाऱ्या एखाद्या कुटुंबाशी बोलून करा.

करारावर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागा : तुम्ही रजेवर असताना भूल देण्याची जबाबदारी कोणाची, किती रात्री सलग बोलावणे येऊ शकते, आणि तुमच्यापैकी कोणी गंभीर आजारी पडल्यास बाहेर नेणाऱ्या विमानाचा खर्च कोण करणार. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तोंडी मिळत असेल, तर मुलीला घेऊन जाऊ नका.