कार्पेट एरियात न मावणारं घर

(घराविषयी वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं)

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही ठाण्यात वर्तकनगरला म्हाडाच्या जुन्या इमारतीत राहतो. सोसायटी पुनर्विकासाला चाललीय. आर्किटेक्टने प्रत्येक सभासदाला एक फॉर्म दिलाय. त्यात दोन प्रश्न आहेत. 'तुमच्या सध्याच्या घराची रचना सांगा' आणि 'घरातली सर्वांत आवडती खोली कोणती, आणि का?' आमचे हे म्हणतात, एरिया लिही आणि सही करून दे, बाकीचं कोण वाचतंय! मला मात्र मनापासून लिहायचंय. पण 'एक हॉल, एक किचन, एक बेडरूम' याच्यापुढे पेन सरकत नाही. तुम्ही तुमच्या घराबद्दल काय लिहिलं असतं?

उत्तर : आधी तुमच्या आर्किटेक्टला माझा नमस्कार सांगा. सभासदांना असं विचारणारे फार थोडे असतात. मी आयटीआयमधून ड्राफ्ट्समन झाले आणि नोकरीची सगळी वर्षं ठाण्यातल्या आर्किटेक्ट ऑफिसांत लोकांच्या घरांचे नकाशे काढले. ट्रेसिंगवर रॉट्रिंग पेनने रेघा ओढायच्या दिवसांपासून पुढे कॉम्प्युटर येईपर्यंत. त्या काळात घरातल्या माणसांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं काही टेबलावर आलं, तर नकाशा हमखास बदलायचा. म्हणून फॉर्म नीट भरा, आणि सविस्तर भरा.

एरिया लिहाच, पण त्यात काय धरतात ते माहीत असू द्या. २०१६च्या रेरा कायद्याप्रमाणे कार्पेट एरियात, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेत, आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, पाइपांसाठी सोडलेली डक्ट, तुमची बाल्कनी आणि टेरेस हे सगळं त्यातून वगळतात. म्हणजे तुम्ही ज्या बाल्कनीत तांदूळ निवडता, ती त्या आकड्यात नाहीच. ती वेगळी मागायची, वेगळी लिहायची. आणि नुसत्या आकड्यावरून घर कळत नाही. १० बाय १० ची खोली घ्या. तिला एकच दार असेल, तर कपाट, पलंग, टेबल सगळं मावतं. त्याच खोलीला हॉलचं, किचनचं आणि बाथरूमचं अशी तीन दारं पडली की पलंग टाकायला भिंतच उरत नाही. कागदावर दोन्हींचे चौरस फूट शंभरच. म्हणून खोलीची लांबी-रुंदी लिहिल्यावर पुढे लिहा : सलग मोकळी भिंत किती फूट, आणि तिला काय टेकलंय.

रचना सांगताना खोल्यांची यादी करू नका. घरात शिरा आणि चालत चालत सांगा. दार कुठल्या दिशेला, चपला कुठे काढता, बाहेरून आल्यावर पाय धुवायला कुठे जाता, दूधवाल्याची पिशवी कुठे अडकवता. मी माझं सांगते, म्हणजे अंदाज येईल.

आमचं घर ऐरोलीला आहे, रांगेतलं, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. माझे सासरे, मी त्यांना मामा म्हणते, मूळचे साताऱ्याकडचे. मशीद बंदरच्या बाजारात ते माथाडी होते. कांदा-बटाट्याचा बाजार तुर्भ्याला हलला तसं आमचं घरही खाडीच्या या बाजूला आलं. आतून रुंदी जेमतेम १२ फूट. दार पश्चिमेला, खाडीकडे. पुढे ३ फुटांचा ओटा, त्याला शहाबादी फरशी. संध्याकाळी साडेपाच-सहानंतर खाडीवरचा वारा थेट आत येतो. पण तोच वारा जूनमध्ये पावसाला घेऊन येतो, म्हणून ओट्यावर पुढे काढलेलं पत्र्याचं छप्पर आणि आषाढात दाराला बांधलेलं ताडपत्रीचं कापड हेही रचनेतच धरायला हवं. आत हॉल. टीव्ही, मामांची आरामखुर्ची, आणि पाहुणा आला तर झोपायला दिवाण. हॉलबद्दल याहून जास्त लिहावं असं काही नाही.

हॉलमागे मधली खोली, १२ बाय ९ ची. तिच्यामागे स्वयंपाकघर. ते पूर्वेला असल्यामुळे सकाळी सात वाजता ओट्यावर ऊन असतं. कडाप्प्याचा ओटा ३१ इंच उंच ठेवलाय, कारण आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि मी दोघीही ठेंगण्या. बाजारात सरसकट ३३-३४ इंच करून देतात. उभं राहून कोपर जिथे येतं तिथून चार-पाच इंच खाली ओटा असावा, म्हणजे कणीक मळताना खांदे वर उचलावे लागत नाहीत. तुमच्या फॉर्ममध्ये कोपराची उंची अवश्य लिहा. स्वयंपाकघरामागे छोटं परस आहे. तिथे मोरी, न्हाणी आणि धुणं वाळत घालायच्या दोऱ्या. वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत, त्या नंतर बांधल्या.

आवडती कोणती म्हणाल तर मधली खोली.

ऐकणाऱ्याला नवल वाटतं, कारण तिला बाहेरची एकही खिडकी नाही. रांगेतल्या घराचं हे दुखणंच असतं. उजेड पुढून येतो किंवा मागून येतो, मधे अंधार. आम्ही राहायला आलो तेव्हा तिथे भर दुपारी ट्यूब लावावी लागायची. वरचा मजला बांधायला घेतला, तेव्हा नकाशा मीच काढला आणि जिना मुद्दाम या खोलीत, उत्तरेच्या भिंतीला लागून आणला. जिन्यासाठी स्लॅबमध्ये सोडायचं भोक लागतं त्यापेक्षा दोन हात मोठं सोडलं. त्याच्या बरोबर वर, गच्चीच्या स्लॅबमध्ये, ३ बाय ४ फुटांचा कटआउट ठेवला. त्याभोवती वीतभर उंच वीटकाम, त्याला चारी बाजूंनी जाळी आणि वरून बाहेर काढलेली जाड काच. बाहेर काढलेली अशासाठी की पाऊस जाळीतून आत येऊ नये. गरम हवा हलकी असते, ती जिन्यावरून वर चढते आणि जाळीतून निघून जाते. तिच्या जागी पुढच्या दारातून आणि परसातून गार हवा ओढली जाते. एप्रिलमध्ये लाइट गेली तरी या खोलीत बसवतं.

आता तुम्ही मे महिन्यात आमच्याकडे या. ठाण्या-मुंबईच्या अक्षांशावर मेच्या मध्यावर सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. वर्तमानपत्रांत ज्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात, तोच हा. एरवी उन्हाचा चौकोन जिन्याच्या भिंतीवर तिरका पडतो आणि दिवसभर सरकत राहतो. त्या दिवसांत मात्र तो साडेबाराच्या सुमारास जिन्याच्या पायथ्याशी जमिनीवर उतरतो. बरोबर तिथेच मी मोझॅकची एक लादी वेगळ्या रंगाची बसवून घेतली. मुलं लहान असताना त्या लादीवर वाटी उपडी ठेवून सावली शोधत बसायची. जुलैच्या शेवटीही सूर्य तसाच डोक्यावर येतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं.

पण नुसता उजेड म्हणून ही खोली आवडती नाही. घरातल्या प्रत्येकाला दिवसातून अनेकदा इथूनच जावं लागतं. आमच्या ऑफिसात नकाशात अशी खोली आली की साहेब म्हणायचे, ही पॅसेज झाली, हिला प्रायव्हसी नाही. खरंय. पण मामांना पक्षाघात झाला तेव्हा आम्ही त्यांची कॉट याच खोलीत, दक्षिणेच्या भिंतीला लावली. त्यांना मान फार वळवता येत नव्हती. तिथून त्यांना डाव्या हाताला पुढचं दार दिसायचं, उजव्या हाताला चूल. कोण आलं, कोण गेलं, भाजी कोणती टाकली, सगळं कळायचं. बोलता येईना तरी कुकरच्या शिट्ट्या बोटांवर मोजून मला दाखवायचे, तिसरी झाली की हात वर. आतल्या बेडरूममध्ये दार लोटून ठेवलं असतं, तर माणूस भिंत बघत राहिला असता. माझी लेक बाळंतपणाला आली तेव्हा तीही याच खोलीत राहिली, आणि रात्री बाळ रडलं की स्वयंपाकघरातून शेक न्यायला चार पावलं पुरायची. मोठ्या घरांना बेडरूम असतात, पण ज्या माणसाला उठता येत नाही त्याला घराच्या मधोमध ठेवता येईल अशी जागा बहुतेक नकाशांत नसते. टू बीएचके काढताना हे कुणी विचारत नाही, आणि मला ते फार खटकतं.

तेव्हा तुमच्या फॉर्ममध्ये आवडत्या खोलीसमोर नुसतं नाव नको. ती खोली तुमच्यासाठी काय करते ते लिहा. 'किचन आवडतं' याने आर्किटेक्टला काही कळत नाही. 'किचनच्या खिडकीतून शाळेची बस दिसते, म्हणून मी पोळ्या करता करता मुलाला वेळेवर खाली पाठवते,' हे लिहिलंत, तर तो खिडकी कुठे ठेवायची याचा विचार करील.

आणखी दोन गोष्टी, कारण पुढे तुमच्यासमोर नकाशा येईल. राष्ट्रीय इमारत संहिता आपल्यासारख्या उष्ण-दमट हवेसाठी खोलीच्या क्षेत्रफळाच्या सहाव्या हिश्शाइतकं उघडं मागते. १२० चौरस फुटांच्या खोलीला २० चौरस फूट, म्हणजे साधारण ४ बाय ५ ची खिडकी. पण दोन पट्ट्यांची सरकती खिडकी अर्धीच उघडते, तेव्हा हवा अर्ध्यातूनच येते. बाहेर उघडणारी दोन पाखी खिडकी मिळत असेल तर ती मागा.

दुसरं म्हणजे, नकाशा हातात आला की सहकुटुंब गच्चीवर जा. खडू आणि मेजरिंग टेप घ्या. नवीन फ्लॅट खऱ्या मापाने जमिनीवर आखा, दारंसुद्धा कशी उघडतात ते अर्धगोल काढून दाखवा. मग चटई पलंगाच्या जागी टाकून झोपा, उठा, बाथरूमकडे चालत जा. तुमच्या ह्यांनाही चालायला लावा. सही करायची की नाही ते त्यानंतर ठरवा.

प्रश्न : नेरूळला आमचा सातव्या मजल्यावर फ्लॅट आहे. हॉलची बाल्कनी आत घ्यावी, हॉल मोठा होईल, असं मुलाचं म्हणणं. घ्यावी का?

उत्तर : घेऊ नका. बाल्कनी बहुधा इमारतीबाहेर काढलेल्या, खालून आधार नसलेल्या स्लॅबवर असते. तिच्यावर वीटकाम, टाइल्स, फर्निचर चढवायचं तर स्ट्रक्चरल इंजिनीअरचा लेखी सल्ला आणि महापालिकेची परवानगी हवी. शिवाय आत्ता पावसाचा मारा बाल्कनी सोसते. ती आत घेतलीत की तो मारा हॉलच्या नव्या भिंतीवर येईल आणि ओल सोफ्यामागे उमटेल. हॉल मोठा वाटायला हवा असेल तर सोफा एका सीटने कमी करा, बाल्कनीच्या दारासमोरचं कपाट हलवा आणि दार दिवसभर उघडं ठेवा.

प्रश्न : मी कळव्याला राहतो, सहावीत आहे. बाईंनी 'माझे घर व माझी आवडती खोली' यावर लिहून आणायला आणि नकाशा काढायला सांगितलंय. आमचं घर चाळीत आहे आणि एकच खोली आहे. आवडती खोली कशी लिहू?

उत्तर : बाळा, प्रश्न फार छान विचारलास. तुझ्या घरात एक खोली आहे, पण ती दिवसभर एकच नसते. सकाळी सातला ते स्वयंपाकघर असतं, दुपारी तुझं अभ्यासाचं टेबल, संध्याकाळी कुणी आलं की बैठक, आणि रात्री गाद्या घातल्या की झोपायची खोली. हेच लिही. त्यातली कुठली वेळ तुला सर्वांत आवडते ते ठरव, आणि त्या वेळी तू नेमका कुठे बसतोस, पाठ कशाला टेकतोस, काय ऐकू येतं ते लिही. तीच तुझी आवडती खोली.

नकाशे दोन काढ, एक सकाळी सातचा आणि एक रात्री दहाचा. खोली पट्टीने मोज. पट्टी लहान असेल तर दोरीला फुटाफुटावर गाठी मार. कागदावर १ सेंटिमीटर म्हणजे खरा १ फूट असं धर, म्हणजे १० फुटांची भिंत १० सेंटिमीटरची येईल. रात्रीच्या नकाशात कोण कुठे झोपतं ते काढ, दार उघडायला किती जागा उरते तेही दाखव. माळ्यावर काय आहे ते तुटक रेघेने काढतात, आमच्या ऑफिसातही तसंच काढायचो.

आणि भिंतीशी थांबू नकोस. बेलापूरला सेक्टर ८ मध्ये आर्टिस्ट व्हिलेज आहे. चार्ल्स कोरिआ नावाच्या मोठ्या आर्किटेक्टने १९८० नंतरच्या काळात त्याची रचना केली. तिथे सात-सात घरं एका अंगणाभोवती ठेवली आहेत, अंगण साधारण ८ मीटर बाय ८ मीटर. घरं लहान असली तरी मुलं खेळायला, बायका बसायला, पापड वाळवायला अंगण आहे, आणि त्यांनी ते अंगण घरात धरूनच आखलं. तुझ्या चाळीची गॅलरी तशीच आहे. पाण्याची पिंपं, कठड्यावरची तुळस, समोरच्या आजींचं स्टूल, सगळं मापात काढ. बाईंनी विचारलं की हे घराबाहेरचं का काढलंस, तर त्यांना सांग की आमचं पाणी तिथे भरतात आणि मी पाढे तिथेच पाठ करतो.