विंडोजमध्ये वॉलपेपर धुरकट दिसतो आणि वरून कापला जातो, मूळ फोटो मात्र स्वच्छ आहे. असं का?

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाचा तुमचा फोटो ४०००×३००० चा, म्हणजे ४:३ आणि स्क्रीन १६:९. ‘फिल’ (फोटोने पूर्ण स्क्रीन भरण्याचा पर्याय) ठेवलं की वरून-खालून मिळून पिक्सेलच्या ७५० ओळी जातात, नगारखान्याचं छप्पर त्यातच गेलं. आधी फोटो ४०००×२२५० ला स्वतः कापा, मग १९२०×१०८० करा.

धुरकटपणाचं कारण वेगळं. विंडोज जेपीजी वॉलपेपर जसाच्या तसा वापरत नाही, साधारण ८५ टक्के दर्जावर पुन्हा दाबून त्याची प्रत ठेवतं. दगडी भिंतीत फारसं कळत नाही, पण आकाशात पट्टे लगेच उठून दिसतात.

हा दर्जा १०० टक्के करायला विंडोज + आर दाबून ‘रेजएडिट’ (regedit) उघडा, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जची नोंदवही. करंट यूजर (HKEY_CURRENT_USER), कंट्रोल पॅनल, डेस्कटॉप इथे जा. बदल करण्याआधी त्याची प्रत एक्स्पोर्ट करून ठेवा, आळस नको. नवीन डीवर्ड (३२-बिट), म्हणजे आकडा ठेवणारी नोंद करा, नाव ‘जेपीईजीइम्पोर्टक्वालिटी’ (JPEGImportQuality). टाइप इंग्रजीतच करायचं, मध्ये स्पेस नाही. डेसिमल निवडून १०० भरा. हेक्साडेसिमलवर (सोळावर आधारलेली मोजणी) राहिलं तर १०० चे २५६ होतात, बहुतेकांचं इथेच चुकतं.

साइन आउट करून परत या आणि वॉलपेपर नव्याने लावा. नाहीतर जुनी दाबलेली प्रतच दिसत राहील.