खिडक्या दुरुस्त करायच्या की नव्या लावायच्या?

प्रश्न : नागपूरला महाल भागात आमचं जुनं घर आहे. 1991 पासून तोच भाडेकरू, भाडं महिना 1,200 रुपये. सागवानी खिडक्या कुजल्या आहेत. "अ‍ॅल्युमिनियमच्या स्लायडिंग लावा, नाहीतर मी लावून खर्च भाड्यातून कापतो," अशी त्यांची नोटीस आली आहे. काय करू?

उत्तर : स्लायडिंग लावायला तुम्ही बांधील नाही. दुरुस्तीला आहात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 14 नुसार घर राहण्याजोगं ठेवणं मालकाकडे असतं. भाडेकरूने उलट लिहून दिलं असेल तरच नाही. तेव्हा 1991 ची भाडेचिठ्ठी आधी शोधा.

किमान 15 दिवसांची नोटीस देऊनही तुम्ही वाजवी वेळेत दुरुस्ती केली नाही, तर ते स्वतः करून खर्च कापू शकतात. पण वर्षाला भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. वर्षाचं भाडं 14,400, त्याचा चौथा हिस्सा 3,600 रुपये. तेवढ्यात स्लायडिंग कुठली? मात्र या मर्यादेतली रास्त कपात थकबाकी म्हणून धरू नका, तो दावा अंगलट येईल.

आता चौकट बघा. कलम 28 प्रमाणे आधी कळवून घर पाहता येतं. सुताराला सोबत न्या, प्रत्येक खिडकीचे फोटो काढा. कूलरच्या खिडकीचंच खालचं लाकूड सडलं असेल आणि बाकीच्या ठणठणीत असतील, तर ते पाणी कूलरचं. तो खर्च त्यांच्याकडे मागता येतो. सगळीकडेच बिजागऱ्या सुटल्या असतील तर ती वयाची झीज, म्हणजे तुमचा खर्च. बहुतेक वेळा खालचं लाकूड, पल्ले आणि कड्या बदलून भागतं. शिवाय दोन पल्ल्यांची स्लायडिंग अर्धीच उघडते. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर लावताना तेच कुरकुरतील.

तरी नव्या लावायच्याच असतील तर कामाआधी त्यांची लेखी संमती घ्या, त्यात खर्च आणि वाढीव भाडं आकड्यांत लिहा. तोंडी "हो, देऊ" वर काम केलं की भाडेवाढ अडकते. वर्षाची 4 टक्के वाढ, म्हणजे महिना 48 रुपये, खिडक्यांशिवायही तुमच्या हक्काची आहे.

त्यांनी परस्पर खिडकी बसवली तर त्यावरून घर खाली करून घेण्याचा सल्ला कुणी देईल. ऐकू नका. हवेसाठी काढलेली खिडकी, जिथे लागते तिथे महापालिकेची परवानगी असेल, तर घर खाली करून घेण्याची कारणं सांगणाऱ्या कलम 16 मध्ये ती कायम बांधकाम धरलेली नाही.

नोटिशीला 15 दिवसांच्या आत पोचपावतीसह उत्तर द्या: काय दुरुस्त करणार, सुतार कोणत्या तारखेला येणार.