बंदरावर कॅमेरे आणि ड्रोन वाढवले की सुरक्षा वाढते का, की आणखी काही लागतं?

मी मालवाहू जहाजांवर डेक अधिकारी आहे आणि काही वर्षं जहाजाचा सुरक्षा अधिकारी म्हणूनही काम केलंय. तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं: कॅमेरे, ड्रोन, रडार सगळं हवंच, पण तेवढ्याने भागत नाही. बंदरात येणारी बहुतेक माहिती ही कुणीतरी 'सांगितलेली' असते. जहाज स्वतःचं नाव सांगतं, कंटेनर सीलचा नंबर सांगतो, ट्रकवाला कंटेनर सोडवण्याचा पिन सांगतो. सांगितलेलं खरं आहे का, हे दुसऱ्या वाटेने कुणी पडताळतं का, यावर सगळं अवलंबून आहे.

एआयएसचंच घ्या, म्हणजे जहाजाची ओळख आपोआप प्रसारित करणारं यंत्र. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या ३०० ग्रॉस टन आणि त्यावरच्या जहाजांना हे यंत्र सक्तीचं आहे. चालत्या जहाजाची जागा आणि वेग ते दर काही सेकंदांनी प्रसारित करतं, नाव दर सहा मिनिटांनी. पण ते बंद करता येतं आणि त्याला जीपीएसमधून चुकीची जागाही पुरवता येते. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात वीसेक जहाजं पाण्यात असताना जीपीएस त्यांना रशियातल्या गेलेंजिकच्या विमानतळावर दाखवत होतं. म्हणून एआयएस, किनाऱ्यावरचं रडार, लांबचं दिसणारा कॅमेरा आणि उपग्रहाची रडार-चित्रं एकाच पडद्यावर आणावी लागतात. रडारवर ठिपका आहे आणि एआयएसवर त्याचं नाव नाही, तर आधी त्या ठिपक्याकडे बघायचं. ड्रोनचा खरा उपयोग इथे होतो, त्या ठिपक्यापाशी जाऊन बघून यायला.

कंटेनरचं दुखणं वेगळं आहे. अमली पदार्थांचे तस्कर पुष्कळदा एखाद्या प्रामाणिक व्यापाऱ्याचा कंटेनर निवडतात. सील तोडायचं, दाराच्या आत लगेच हाताला येतील अशा पिशव्या ठेवायच्या, त्याच नंबरचं बनावट सील लावायचं आणि उतरणीच्या बंदरात आतल्या माणसाने त्या काढून घ्यायच्या. व्यापाऱ्याला पत्ताही नसतो. बोल्ट सील म्हणजे एक जाड खिळा आणि त्यावर घट्ट बसणारी टोपी. ते नीट बघा, नंबर कागदाशी ताडा, हाताने ओढा, पिळून बघा. बनावट सील पुष्कळदा पिळताना हातात येतं. मग कडीचे आणि बिजागऱ्यांचे रिव्हेट बघा. तिथे एखादा रिव्हेट नवा दिसला किंवा ताजा रंग लागलेला असला, तर सीलला हात न लावताच दार उघडलेलं असू शकतं. यात अर्धं मिनिट जातं. गर्दीच्या पाळीत नेमकं तेच वाचवलं जातं, याचा मला फार राग येतो.

'सगळेच कंटेनर स्कॅन करा ना' असं लोक म्हणतात. अमेरिकेने २००७ मध्ये तसा कायदाच केला, २०१२ ची मुदत घातली, पण मुदत पुढे ढकलत राहावी लागली. एवढा माल थांबवणं परवडत नाही. त्यामुळे माल जहाजावर चढण्याआधीच त्याची माहिती मागवायची, संशयास्पद कंटेनर निवडायचे आणि तेवढेच एक्स-रेखाली घालायचे, हीच पद्धत व्यवहारात टिकते.

संगणकाकडे बहुतेक बंदरांनी उशिरा लक्ष दिलं. २०११ ते २०१३ दरम्यान बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात तस्करांनी संगणकात शिरून कंटेनर सोडवण्याचे पिन चोरले आणि खरा मालक यायच्या आत आपला ट्रक पाठवून कंटेनर उचलले. गेट, कुंपण, पहारेकरी सगळे जागेवर होते, पण पिन बरोबर म्हटल्यावर गेट उघडणारच. पिन कुणी आणला, ट्रक कुणाचा, चालक कोण, हे तिन्ही जुळल्याशिवाय कंटेनर सोडू नये. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरचं काम ठप्प केलं, तेव्हा घानामधला एक सर्व्हर वीज गेल्यामुळे बंद होता म्हणून वाचला आणि त्यावरून बाकीचं जाळं पुन्हा उभं करता आलं. बॅकअपची एक प्रत जाळ्यापासून तोडलेली ठेवा आणि ती खरंच चालते का, हे वर्षातून एकदा तरी करून बघा.

नियमांचं म्हणाल तर आयएसपीएस ही जहाजं आणि बंदरांच्या सुरक्षेची आंतरराष्ट्रीय संहिता १ जुलै २००४ पासून लागू आहे. सुरक्षेचे तीन स्तर, मंजूर आराखडा, दर तीन महिन्यांनी कवायत, सगळं तिच्यात आहे. पण आधी सांगून घेतलेली कवायत कागदावरच राहते. आम्ही एकदा न सांगता घेतली. एका अनोळखी माणसाला हेल्मेट आणि चमकणारं जॅकेट घालून, हातात फाइल देऊन जहाजाच्या शिडीवरून वर पाठवलं. शिडीवरच्या खलाशाने त्याला नमस्कार केला, कार्ड मागितलंच नाही. तो माणूस थेट इंजिन कंट्रोल रूमपर्यंत पोचला. तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्याचं नाव आदल्या दिवशी एजंटकडून आलेल्या यादीत नसेल, तर मला फोन आल्याशिवाय त्याला शिडीची पहिली पायरीही चढू देत नाहीत.