घाट उतरताना एसयूव्हीचं ब्रेक पेडल तळाला जातं, थंड झाल्यावर पुन्हा ठीक होतं. नेमका बिघाड कुठे असतो?

पॅड नवीन टाकले, तरी तोरणमाळ उतरताना पेडल तळाला गेलं, अर्ध्या तासाने आपोआप टणक झालं आणि आता गॅरेजवाले मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप) बदला म्हणताहेत, असं तुम्ही लिहिलंय. बदलू नका. निदान आज तरी नको. आधी सांगा, ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं होतं? बदललं म्हणतोय मी, वरून ओतलं नव्हे.

मी मेकॅनिक नाही. भडगावला ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. पण नेमक्या ह्याच गोष्टीवरून आमचं आणि दाजींचं 2016 च्या मे महिन्यापासून वाजलंय, म्हणून लिहायला बसलो.

चुलतभावाचं लग्न लावून आम्ही औरंगाबादहून (आताचं छत्रपती संभाजीनगर) परत येत होतो. दाजींची सात सीटची डिझेल गाडी, आत लहानमोठे धरून नऊ जण, वर कॅरिअरला रुखवताची पेटी आणि गाद्यांचं बोचकं. कन्नड मागे पडलं, औट्रम घाट लागला. दुपारचे तीन. घाट लागताच दाजींनी गाडी न्यूट्रल केली. मी मधल्या सीटवरून म्हटलं, "दाजी, गिअरमध्ये राहू द्या." तर म्हणाले, "उतारवर डिझेल कसाले जाळानं?" पाहुण्यांपुढे मेहुण्याने जास्त बोलू नये, म्हणून गप्प बसलो. ती चूक माझी.

तीन-चार वळणं झाली तेव्हा भाची म्हणाली, "मामा, इस्त्री जळाल्यासारखा वास येतोय." मी खिडकीतून डोकं काढलं, तोवर दाजींचा आवाज आला, "ब्रेक लागस नही रे भो." पाय थेट पत्र्याला टेकलेला. पुढे वळण, वळणावर उसाचा ट्रक नव्हता हे नशीब, कारण हंगाम संपलेला होता. मी ओरडलो, पंप करा, गिअर टाका. तिसरा पडेना, कुरकुर वाजला, मग पडला. दुसरा पडला तेव्हा इंजिन असं किंचाळलं की आत्याबाईंनी देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. हँडब्रेक थोडा थोडा ओढत गाडी डोंगराकडच्या नालीत घातली. डाव्या बाजूचा रंग दगडाला घासत गेला आणि थांबलो.

पुढच्या दोन्ही चाकांतून धूर येत होता. दाजींच्या आई पाण्याची कळशी घेऊन निघाल्या, ती मी हातातून काढून घेतली. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं की ती वाकते, कधी तडकते.

आता ऐका. पाऊण तासाने दाजींनी पेडल दाबलं तर एकदम टणक. "बघ, काहीच नव्हतं," म्हणाले. सगळा घोळ ह्या "काहीच नव्हतं"मध्ये आहे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, झाकणातून, रबरी पाइपातून, हळूहळू, आणि आपल्याकडचे पावसाळे त्याला पुरतात. ब्रेक ऑइलचे डॉट 3, डॉट 4 असे दर्जे असतात. नवं डॉट 3 कमीत कमी 205 अंशांपर्यंत उकळायला नको, पाणी मुरल्यावर तो आकडा 140 वर येतो. डॉट 4 चं 230 वरून 155. घाटात कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) तापला की आतलं ऑइल उकळतं, वाफ होते. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, म्हणून पाय नुसता वाफ दाबत बसतो. थंड झालं की वाफेचं पुन्हा ऑइल. गॅरेजला नेईपर्यंत पुरावा गायब, मग गॅरेजवाला समोर दिसेल तो पार्ट सांगतो.

दाजींचं म्हणणं आजही हेच की पॅड डुप्लिकेट होते. खरं सांगायचं तर पॅडही काचेसारखे गुळगुळीत झाले होते, तेवढ्यापुरते ते चूक नाहीत. पण पॅड तापून गेले तर पेडल टणकच राहतं, फक्त गाडी थांबत नाही. पेडल तळाला जातं ते ऑइलमुळे. दुसऱ्या दिवशी चाकाच्या निपलला (ऑइल आणि हवा बाहेर काढायच्या तोटीला) पारदर्शक नळी लावून मी स्वतः उभं राहून ऑइल काढून घेतलं. पोरगं पेडलवर, आम्ही खाली, "दाब, धर, सोड." नवं ऑइल फिकट पिवळं असतं. आमचं दोनदा उकळलेल्या चहासारखं निघालं. सहा वर्षांत कोणी बदललेलं नव्हतं, नुसतं वरून ओतत आले होते. त्यातलं थोडं मी औषधाच्या बाटलीत भरून दुकानात ठेवलंय.

आणि डिझेलचं म्हणाल, तर कॉमन रेलच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझेल सोडणाऱ्या नव्या धाटणीच्या गाडीत गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजेक्टर डिझेल सोडणंच बंद करतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतं. म्हणजे दाजींनी त्या दिवशी वाचवलं काहीच नाही, उलट लोड भरून अडीच टनाच्या आसपास गेलेली गाडी एकट्या ब्रेकवर सोडली. ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरा. काही जण तर उतारावर इंजिनच बंद करतात. पेडल हलकं करणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो, मग पेडल दगडासारखं, पॉवर स्टिअरिंगही गेलेलं. त्यांना काय सांगायचं.

तुमच्यापुरतं, चारही चाकांचं ऑइल पूर्ण बदलून हवा काढून घ्या. डॉट 3 की 4 ते ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. पुढे दर दोन वर्षांनी बदला. एबीएसच्या (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) काही गाड्यांना त्यासाठी स्कॅनर लावावा लागतो, रस्त्याकडेच्या गॅरेजात तो असेलच असं नाही. कॅलिपरच्या पिना जाम आहेत का तेही बघायला सांगा, पॅड डिस्कला चिकटून राहत असेल तर सपाट रस्त्यावरसुद्धा ऑइल तापतं.

हां, एक राहिलं. गाडी थंड, जागेवर उभी, इंजिन चालू, पेडल दाबून धरलं आणि ते हळूहळू खाली सरकत गेलं, तर गॅरेजवाले बरोबर आहेत. एक तर कुठे गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे वॉशर गेलेत. ही तपासणी फुकट आहे, आधी ती करा. मी वर "बदलू नका" म्हटलंय ते ह्यानंतरचं समजा.

मागच्या दिवाळीला दाजींच्या गाडीतून इन्शुरन्सचा कागद काढत होतो, तर ग्लोव्ह बॉक्समध्ये ब्रेक ऑइलचं बिल सापडलं. डॉट 4, एक लिटर, पाचोऱ्याच्या दुकानाचं. माझं दुकान त्यांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून आहे.