टाकी नवीन आहे ना, मग मासे भरायची घाई नको

अरे पाणी चकाचक दिसतंय म्हणून खुश होऊ नकोस, माशांच्या घाणीतून तयार होणारा विषारी अमोनिया डोळ्याला दिसत नाही. फिल्टरमधे चांगले बॅक्टेरिया तयार व्हायला ४ ते ६ आठवडे जातात, ते अमोनियाचं आधी नायट्राइट करतात मग नायट्रेट, आणि पाणी तपासायच्या टेस्ट किटमधे अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही ० आले की मगच मासे, तेही थोडे थोडे. दुकानदार पहिल्याच दिवशी गोल्डफिश गळ्यात मारतो, ऐकायचं नाही! दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदल, नळाचं असेल तर डीक्लोरिनेटर (क्लोरीन घालवायचं औषध) टाकूनच. आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवू नको रे बाबा, क्लोरीनने बॅक्टेरिया मरतात, टाकीतून काढलेल्या पाण्यातच बादलीत हलकासा पिळून घे. मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर खाणं बंद, लगेच थोडं पाणी बदल.